वर सरकलेली रेष

रविवार, १७ ऑगस्ट

दादा,

कसा आहेस? वेळेवर जेवतोस का, हे आईने विचारायला सांगितलंय. इकडे सगळं ठीक. मला शिकवणीला नववीची पोरं मिळालीत आणि सध्या आमचे सरळ रेषांचे ग्राफ चाललेत. काय भारी प्रकरण आहे रे! y बरोबर mx अधिक c. m म्हणजे उतार, c म्हणजे सुरुवात कुठून. c वाढवला की अख्खी लाइन वर सरकते, पण तिरकेपणा तोच राहतो. पोरं म्हणतात, ताई, एवढं काय त्यात.

फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझी रेंज जाते, म्हणून लिहितेय.

त्यांच्या फुप्फुसांचं तुला माहितीये. दर महिन्याला हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांना सहा मिनिटं चालवतात आणि अंतर मोजतात. मी घरी त्याचा ग्राफ काढला. आडवे महिने, उभे मीटर. ठिपके जोडले तर जवळजवळ सरळ लाइन, खाली येणारी.

मग नवीन औषध सुरू झालं आणि बाबा एकदम बरंच जास्त चालले. आईने शेजारच्या काकूंपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं. तुलाही सांगितलं. तू म्हणालास, छान, मग कॉन्ट्रॅक्ट संपवूनच येतो. मीसुद्धा घरभर नाचले होते.

त्यानंतरचे ठिपके टाकले. दादा, लाइन फक्त वर सरकलीये. उतार तोच आहे. पट्टी ठेवून बघितली, मग जरा तिरकी धरूनही बघितली. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, या औषधाकडून आम्हालाही एवढीच अपेक्षा होती.

आईला दाखवलं. तिने लाइनवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "एवढी शिकलीस ना, मग वळव की जरा."

मी कागद घडी करून वहीत ठेवला.

तो कागद नंतर बाबांच्या हाती लागला. मी थाप मारली, शिकवणीतल्या एकाचे मार्क आहेत. "घसरतोय की गं बिचारा," म्हणाले. धाप लागली म्हणून थांबले. मग म्हणाले, "मध्ये कोणीतरी मेहनत घेतलेली दिसते पण. रागावू नकोस त्याला."

त्यांना कळलं का, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

काल पोरांना शिकवताना माझ्याच लक्षात आलं. उतरती लाइन वर सरकवा नाहीतर उजवीकडे सरकवा, कागदावर तीच लाइन मिळते. आणि आपल्या ग्राफवर उजवीकडे म्हणजे महिने. औषधाने बाबांना बरं नाही केलं रे. थोडे महिने दिलेत. त्यातले काही आपण खुशीत घालवले, काही तुझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये गेले.

तुझ्या नि बाबांच्या भांडणात कोण बरोबर होतं, त्यात मला पडायचं नाही. तू आलास म्हणून उतार बदलेल, असंही मी म्हणत नाही. तो तुझ्याने बदलणार नाही, माझ्यानेही नाही. मी इतकं सगळं शिकले आणि मला फक्त तो दिसतो.

पण कोणी येणार असलं की बाबा गेटपर्यंत चालत जातात. मधल्या बाकावर बसतात, परत उठतात, पण जातात.

अजून जातात, दादा.

तुझीच,
चिंगी