जळकी वात

२४ सप्टेंबर

ताप उतरला. नाक अजून चोंदलेलं, पाय लटपटतात, पण दुकानात जावंच लागलं. मी घरात पडून होते, तर वेनीने गिऱ्हाइकांच्या व्हेपमध्ये कापसाच्या वाती स्वतः घातल्या! वेनी माझा मामेभाऊ, व्हेपचं, म्हणजे विजेच्या सिगारेटींचं, दुकान त्याच्या नावावर. गल्ला बघतो, भिंती रंगवतो, फेसबुकवर स्वतःचे फोटो टाकतो. वाती घालणं त्याचं काम नाही. हे त्याला ठाऊक आहे, तरी खाज.

सकाळपासून एकेक जण तक्रार घेऊन हजर. एकाचं व्हेप गळून खिसा चिकट झालेला. एकाला झुरका घेतला की घसा भाजतोय. उघडून बघते तर काय — उशीत कापूस भरावा तसा कोंबलेला! तारेच्या वेटोळ्यातून कापूस ओढताना जरासा अडला पाहिजे, पण तार हलता कामा नये. सैल राहिला तर चवीचा रस गळतो, घट्ट बसला तर रस चढत नाही आणि कापूस जळतो. मग टोकं कातरायची, विंचरून विरळ करायची, खालच्या वाटीत अलगद टेकवायची. यात अवघड काय आहे? पण नाही.

वेनी म्हणतो, "मानांग, यूट्यूबवर बघून केलं." मानांग म्हणजे ताई; चूक केली की हमखास आठवते. मग गिऱ्हाइकांनाही यूट्यूबकडेच पाठवायचं होतंस! सगळ्या वाती काढून नव्या घातल्या. संध्याकाळी परत अंगात कसकस.

२५ सप्टेंबर

एकाने वातीसाठी बायकोचा मेकअप पुसायचा कापूस आणला. त्यावर लिपस्टिक होती. बाकी काही लिहीत नाही.

२८ सप्टेंबर

जोमारी आला होता, आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. दिवसभर कॉल सेंटरमध्ये गोड बोलतो आणि उरलेला वेळ व्हेपच्या वाफेचे ढग सोडतो. मॉलमध्ये कोणाचा ढग लांब जातो याची स्पर्धा आहे म्हणे. भिंतीवर पट्टी लावून मोजतात. मोठी माणसं, नोकरीची, लग्नाची! तारेची एवढाली भोकं, त्यात नावाला कापूस, चव शून्य. त्याला विचारलं, रस कोणता भरलायस? म्हणे, काय माहीत, निळी बाटली होती. या माणसाची जीभ फक्त ओठ ओले करायला दिली आहे देवाने.

आमच्या दुकानाचं नाव आहे ते चवीवर. मी वात घालते, पहिला झुरका मी घेते, आणि बरोबर वाटल्याशिवाय व्हेप गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. अख्ख्या हारो भागात असं कोणी करत नाही. लोक शेजारचा मोलो भाग ओलांडून येतात ते काही वेनीचं तोंड बघायला नाही.

आंब्याच्या रसाची नवी खेप आली. फुळकवणी! आंबा दाखवून बाजूला ठेवलाय. वेनी म्हणतो, आहे तसाच आहे. म्हणणारच, पैसे देऊन बसलाय.

२ ऑक्टोबर

आईचं रोजचं सुरू आहेच. सकाळी दुकानाशेजारची तिची खानावळ उघडायच्या आधी पळीभर कालवण घेऊन माझ्या अंथरुणाशी उभी. "चाख." बाबा होते तोवर त्यांच्या मागे लागायची, ते गेल्यापासून माझ्या नशिबी आलंय. माझे दात घासायचे असतात, डोळे उघडलेले नसतात, पण चाख!

आज फणस आणि तुरी घालून केलेलं डुकराचं कालवण. आईच्या हातचं हे कालवण म्हणजे रिक्षावाले ताटकळत उभे राहतात. मी चाखलं. पाणी. म्हटलं, यात मीठ घालायचं राहिलंय. तिने पातिसची, खारवलेल्या माशांच्या पाण्याची, बाटली उपडी केली, परत आणलं. परत पाणी. परत ओतलं. तिसऱ्यांदा मी हो म्हटलं, कारण मला उशीर होत होता.

सहासष्ट वर्षांची झाली. वय होतं माणसाचं.

५ ऑक्टोबर

आज माझ्या स्वतःच्या व्हेपवर दोन तास घालवले. वेटोळं उघडं करून तापवून लाल केलं, पाण्याखाली धरलं, जळकी साय खरवडली. नवा कापूस, जपानी. काही नाही. मग तार बदलली, जाड घेतली. काही नाही. मग भोक मोठं केलं. वाफ येते, गरम येते, घशाला लागते, पण चव म्हणून काही नाही. स्ट्रॉबेरी म्हणे! पाटीवर काढलेली स्ट्रॉबेरी.

वेनी अक्कल पाजळत होता — "मानांग, तुला व्हेपरची जीभ झाली असेल." व्हेपरची जीभ! एकच रस दिवसभर ओढणाऱ्या नवशिक्यांचा आजार हा, पाणी प्यायलं आणि कॉफीच्या बिया हुंगल्या की जातो. मी नऊ वर्षं हे काम करते. तरी हुंगल्या. बियासुद्धा शिळ्या निघाल्या. या गावात कोणी धड वस्तू विकतच नाही.

९ ऑक्टोबर

आईच्या खानावळीत दोघा रिक्षावाल्यांनी ताट अर्धं टाकलं. एक जण म्हणाला, आज जरा खारट झालंय, आजी. खारट! रात्री जिन ढोसायची, सकाळी जिभेला कातडं आलेलं, आणि दुपारी हे चवीचे पंडित. मी दुकानातून ओरडून सांगितलं की खायचं तर खा, नाहीतर पुढच्या चौकात जा.

गेले. पुढच्या चौकातच गेले.

१३ ऑक्टोबर

आज सांगून टाकलं. कोणीतरी सांगायलाच हवं होतं. आई पळी घेऊन आली, मी चाखलं, आणि म्हटलं, "तुझा हात गेलाय, आई. कशालाच चव राहिली नाही."

ती माझ्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. मग पळी धुतली आणि खुंटीला लावली. मला वाटलं होतं भांडेल, चार शब्द सुनावेल. तिला सुनवायला कधी कमी पडलं नाही. नाही भांडली. त्याचाच जास्त राग आला मला.

१८ ऑक्टोबर

वेनीशी वाजलं. त्याचं म्हणणं, मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर रसाला नावं ठेवते म्हणून ते बाटल्या न घेताच जातात. मी म्हटलं, खोटं बोलू? तर म्हणतो, "मानांग, नाकाने कांदे सोलणं बंद कर. बाकी सगळ्यांना चव लागते, तुलाच तेवढी लागत नाही!"

सगळ्यांना लागते. सगळे म्हणजे कोण? जोमारी?

२२ ऑक्टोबर

आई खानावळ बंद करणार आहे. मृतांचा सण झाला की बंद. मोठी पातेली पलीकडे जेवण विकणाऱ्या पासिंगला देऊन टाकणार, ती दहा तारखेला हातगाडी घेऊन येईल. हे सगळं तिने भात वाढता वाढता सांगितलं.

मी म्हटलं, बरं होईल, आराम कर. पण त्या पातेल्यांवर माझी शाळा झाली, बाबांचं औषधपाणी झालं. पहाटे चारला उठून मांडी घालून फणस चिरणारी बाई आता करणार काय? दारात बसून माश्या मारणार? मी विचारलं, कोणी काही बोललं का? ती म्हणाली, "कोण बोलणार? तुलाच गोड लागत नाही म्हटल्यावर झालं ना, इंदाय." चाळिशी उलटली तरी तिची इंदायच, लाडकी पोरच मी. रागावली असती तर निदान उलट बोलता आलं असतं.

पासिंगच्या हातचं कोणी खाईल का? कालवण करते की कपडे भिजवते, कळत नाही.

१ नोव्हेंबर

दफनभूमीत दिवसभर. मेणबत्त्या, गर्दी, बाबांच्या थडग्यावर ठाण मांडून पत्ते खेळणारे मामा. आईने पिवळा भात केला होता, चाखायला मात्र आणला नाही या वेळी. मामांनी दोन घास खाल्ले आणि पाण्याची बाटली संपवली. मामी हळूच म्हणाली, ताईंचा हात फार सढळ झालाय मिठाला. बघा! मला आळणी लागतो, यांना खारट लागतो. नातेवाइकांना नावं ठेवायला निमित्त लागतं फक्त.

आईने उरलेला भात कुत्र्यांना घातला. मला तिच्याकडे बघवेना.

५ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

दुपारी जोमारी दुकानात आला. त्याची बॅटरी संपली होती म्हणून त्याने काउंटरवरचं माझं व्हेप उचललं आणि झुरका घेतला. एकच. तो वाकून खोकायला लागला, डोळ्यांत पाणी, थुंकला सरळ दारात. मला वाटलं नाटक करतोय. मी हसलेसुद्धा. म्हटलं, ढग सोडणाऱ्याला चव सोसवली नाही का?

तो म्हणाला, "मानांग, जळलंय हे. पूर्ण जळलंय. तुम्ही हे ओढताय?"

मी सकाळपासून ओढत होते. झाकण काढलं. वात काळी. ब्राउन नव्हे — चार दिवसांत गोड रसाने ब्राउन होतेच — काळी, कोळसा, बोट लावल्यावर चुरा झाली. टाकीत रसाचा थेंब नाही. जळक्या कापसाचा झुरका म्हणजे काय असतं ते मी नवशिक्यांना शिकवते. एकदा घेतला की माणूस जन्मात विसरत नाही. आणि मी तो सकाळपासून एकामागून एक घेत होते, आणि घसा खरखरतोय म्हणून हवेला दोष देत होते.

तशीच घरी आले. कपाटातून गिनामोसची बरणी काढली. झाकण नुसतं सैल केलं तरी शेजारी खिडक्या लावतात असा तो खारवलेल्या कोळंबीचा वास. नाक बरणीत घातलं. काही नाही. व्हिनेगर. काही नाही. रॉकेल. काही नाही. मिठाचा खडा जिभेवर ठेवला तेव्हा कुठे लांबून काहीतरी आल्यासारखं झालं.

आंब्याच्या रसात आंबा होता. कॉफी ताजी होती. आईचा हात कुठेही गेलेला नाही. गेलंय ते माझं नाक, त्या तापात, आणि मी दीड महिना ते सगळ्या जगात शोधत बसले. वेनीला, रिक्षावाल्यांना, मामीला बोलले ते बोलले. पण आईला मी काय बोलले! आणि ती सुगरण बाई माझ्या एका वाक्यावर चूल विझवायला निघाली. मला माझीच किळस येते आहे.

६ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, तापाने वासाची नस गेली असेल, जीभही बधिर झाली असेल. येईल, किंवा नाही येणार. एवढं सांगायला शिकावं लागतं!

आईला सांगायचं होतं. दोनदा स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन परत आले.

७ नोव्हेंबर

सांगितलं. सकाळी, ती आम्हा दोघींपुरतं कालवण करत होती तेव्हा. म्हटलं, तुझा हात तसाच आहे, आई, माझंच नाक मेलंय. पातेली देऊ नकोस, पासिंगला मी नको म्हणून सांगते. वाटलं, ती रडेल, नाहीतर पळी फेकून मारेल.

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "मला तर कधीपासून कशाचीच चव लागत नाही, इंदाय. तुझे बाबा होते तेव्हापासून. त्यांना ठाऊक होतं. ते गेल्यावर मी तुझं तोंड बघून मीठ घालते."

पातेलं उकळत होतं. मीठ बरोबर झालंय का, हे आम्हा दोघींपैकी कोणालाच सांगता येईना.