आप्पांच्या कॉम्प्युटरवरचा घाट

आप्पा, काल आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक वक्ते आले होते. कॉम्प्युटरवरचे खेळ म्हणजे रिकामटेकड्यांचं व्यसन, असं त्यांनी हात नाचवून सांगितलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठले. म्हटलं, माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्तीनंतर घरी असलेच खेळ खेळायचे, आणि त्यांना रिकामटेकडं म्हणणारा माणूस अजून जन्मायचाय. अध्यक्षांनी घाईघाईने चहा मागवला. खरं तर पुढचंही सांगायला हवं होतं, पण ते चहाच्या घोटाबरोबर सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलेलं नाही.

सुरुवात तुमच्या त्या मेडिकलपासून करते. वर्षानुवर्षं ठाण्याहून कोकणात गाड्या नेलेल्या माणसाला एका तपासणीत सांगितलं जातं की तुम्हाला डाव्या बाजूचं नीट दिसत नाही, उद्यापासून स्टिअरिंगवर बसायचं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तुम्ही वर्कशॉपच्या फाटकाशी खुर्ची टाकून दुसऱ्यांनी नेलेल्या गाड्या मोजून घेत होतात. घरी येऊन तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. तुमच्या वाटचं मीच बोलले. लहानपणी टेंभी नाक्यावरून मला शाळेत सोडताना तुम्ही खाकीत असायचात, आणि कॉन्व्हेंटच्या फाटकाशी उतरणाऱ्या सगळ्या मुलींत आपल्याच वडिलांची गाडी सर्वांत मोठी, याचा मला कोण माज होता. ती गाडी कुणी काढून घेतली म्हणजे काय? नन्सनी शिकवलेलं सगळं इंग्रजी मी एसटीच्या साहेबांना लिहिलेल्या अर्जात ओतलं. तुम्हाला त्याचा मराठीत अर्थ सांगितला. तुम्ही शांतपणे ऐकून म्हणालात, "चांगलं लिहिलंयस. पण देऊ नको." मी दिलाच. त्यातून काही निघालं नाही, म्हणून मी दुसरा लिहिला. हे युनियनचं राजकारण आहे, तुमचे डोळे ठणठणीत आहेत, असं मी सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरायचे. दुसऱ्या डॉक्टरकडे चला म्हटलं की तुम्ही मात्र "बघू" म्हणायचात आणि विषय बदलायचात.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी, आपण डोंबिवलीत राहायला आल्यावर, आमच्या विमा ऑफिसने जुने कॉम्प्युटर काढून टाकले. कर्मचाऱ्यांना स्वस्तात देत होते, मी एक घेतला. मला सराव हवा होता. नव्या यंत्रापुढे बसून ऑफिसातल्या तरुण पोरींसमोर चाचपडणं मला पसंत नव्हतं. पांढऱ्याचा पिवळा पडलेला तो डबा जेवणाच्या टेबलावर आला आणि आईने पहिल्याच दिवशी विचारलं की आता आम्ही जेवायचं कुठे. तुम्ही लांबून बघत होतात. पुढे तो बिघडला, आणि पिशवीत घालून तो उचलायला म्हणून तुम्ही माझ्याबरोबर स्टेशनजवळच्या त्या दुकानात आलात. दुकानदार गिऱ्हाईक नसल्यामुळे डोंगरातल्या रस्त्यावरची गाड्यांची शर्यत खेळत बसला होता. पडद्यावर एका बाजूला दरी, एका बाजूला कातळ, आणि वळणामागून वळण. तुम्ही खांद्यावरची पिशवी खाली ठेवायची विसरलात.

"हा घाट कुठला?" तुम्ही त्याला विचारलंत.

घाट कुठलाच नाही काका, गेम आहे, असं म्हणून त्याने तुम्हाला खुर्ची दिली. मी घरी पोचेपर्यंत कुरकुरत होते, कारण दुरुस्त झालेल्या डब्याबरोबर त्या खेळाची सीडी आणि ती चालवायचा एक जुना ड्राइव्ह असं दोन्ही तुम्ही घेऊन आला होतात.

त्यानंतरच्या संध्याकाळी मला आत्ता समोर दिसताहेत. तुम्ही बनियनवर, चष्मा नाकावर ओढलेला, पडद्याच्या इतके जवळ की काचेवर श्वास उमटतोय. शर्यत असली तरी तुम्ही शर्यत लावत नाही. वळणावर ओव्हरटेक करत नाही, मागच्या गाडीला हात दाखवून पुढे जायला सांगता, आणि हॉर्नचं बटण कुठलं म्हणून मला विचारता. हॉर्न नाहीच म्हटल्यावर असल्या गाडीला रस्त्यावर सोडलंच कसं म्हणून चिडता. दर खेपेला सगळ्यांच्या शेवटी पोचता आणि समाधानाने मागे टेकता. आई आतून विचारते, "अहो, जेवायला उतरणार की पुढच्या स्टॉपला?"

पण गाडी अडखळायची. सरळ रस्त्यावर ठीक. वळण आलं की चित्र थबकायचं, मग एकदम पुढे उडी मारायचं, आणि तोवर तुम्ही कठड्यावर. कठडा नेहमी डावीकडचा. एका रविवारी तुम्ही हात मांडीवर ठेवलेत आणि माझ्याकडे न बघता विचारलंत, "अगं, ही गाडी अडकते की माझी नजर?"

इतक्या वर्षांत स्वतःच्या नजरेबद्दल तुम्ही उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मी भडकले. यंत्र भिकार आहे, ऑफिसने वापरून चोथा केलेला डबा आहे, त्याचा दोष तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवर कसला घेता? आणि मला वाटलं, हे तर सिद्धच करून दाखवता येईल. माझे अर्ज वाया गेले होते, हा पुरावा वाया जाणार नव्हता. यंत्र सुधारायचं, गाडी लोण्यासारखी पळवायची, आणि मग तुम्ही घाट उतरलात की त्या मेडिकलचा निकाल आपोआप खोटा.

दुकानदाराने डबा उघडला आणि हसलाच. "मॅडम, याला कारकुनीची सवय. तुम्ही डोंगर चढायला सांगताय."

म्हणजे बॉडी गाडीची आणि इंजिन रिक्षाचं, असं तुम्ही म्हणालात आणि तुमची दोघांची जी गट्टी जमली, तिच्यात मला जागा उरली नाही. जुन्याच डब्यात दुसरा मदरबोर्ड, एक पिढी पुढचा प्रोसेसर, जास्त रॅम, आणि चित्र काढण्याचं काम वेगळं सांभाळणारं ग्राफिक्स कार्ड, सगळं कुणाकुणाच्या मशीनमधून काढलेलं. प्रत्येक तुकडा तुम्ही हातात घेऊन उजेडात फिरवून बघितलात. दुकानदार चांगला की वाईट ते सांगायचा, तुम्ही मान हलवायचात, जणू पिस्टनच तपासताय.

मशीन घरी आलं ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मला लगेच लावून बघायचं होतं. तुम्ही ठाम होतात: इंजिन बदललेली गाडी पूजेशिवाय बाहेर काढायची नाही. डेपोत दसऱ्याला गाड्या धुऊन, हार घालून उभ्या करायचात तशीच तुम्ही त्या डब्याची तयारी केलीत. ओल्या फडक्याने पुसलात, गंध लावलंत, माउसखाली लिंबू ठेवायला निघालात ते मी हिसकावून घेतलं. आईने दारासाठी आणलेल्या झेंडूचा एक भरघोस हार मॉनिटरला घातला. नारळ बाहेर फोडला, आतमध्ये नको एवढं माझं ऐकलंत.

मग तुम्ही बसलात. मी मागे उभी, पदर खोचून, खटला जिंकायला आलेल्या वकिलासारखी. आणि काय सांगू आप्पा, रस्ता वाहायला लागला. एक हिसका नाही, एक थांबा नाही. वळणं तुमच्याकडे सावकाश येत होती, झाडं मागे सरत होती. "आता कशी," तुम्ही पुटपुटलात. इतक्यात हार घसरला. मॉनिटरच्या कोपऱ्यावरून सुटून तो पडद्याच्या डाव्या बाजूवर लोंबला, एवढा जाड की तिकडचा कठडा, दरी, सगळं झेंडूखाली गेलं. मी वाट बघितली की तुम्ही हाताने बाजूला कराल. तुम्ही चालवत राहिलात. एक वळण, दुसरं वळण. गाडी कठड्याला घासली.

"आप्पा," मी म्हटलं, "हार काढू का?"

"कुठला हार?"

मी आईकडे बघितलं. ती दारात ताट घेऊन उभी होती. तुम्ही आमच्याकडे बघितलंत, मग मान पूर्ण डावीकडे वळवलीत आणि तुम्हाला तो दिसला. हात लावून बघितलात. रस्ता तसाच पळत होता, गुळगुळीत. आता दोष द्यायला यंत्र उरलं नव्हतं. मला त्या डॉक्टरचा, त्या डब्याचा, झेंडूचा, सगळ्यांचा संताप आला होता आणि तो ठेवायला कुठे जागाच नव्हती. तुम्ही मात्र खुर्चीत मागे टेकलात, घाट उतरल्यावर टेकायचात तसे.

"बरोबर होता गं तो डॉक्टर," तुम्ही म्हणालात. "गाडीभर माणसं मागे झोपलेली असायची माझ्या भरवशावर. बरं झालं उतरवलं."

दुसऱ्या डॉक्टरकडे तुम्ही त्याच आठवड्यात, स्वतःहून आलात. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं टिकवू, म्हणाला. थेंब सुरू झाले. अर्ज लिहिणं मी सोडून दिलं, जरी त्या पहिल्या डॉक्टरने ते तुम्हाला बसवून, समजावून, माणसासारखे दोन शब्द वापरून सांगायला हवं होतं हे माझं मत आजही कायम आहे.

आणि खेळ तुम्ही सोडला नाहीत. खुर्ची ओढून मला डावीकडे बसवलंत. तुझी बाजू तू सांभाळ, म्हणालात. मी ऑफिसातून आले की चहा पिऊन कंडक्टर. कठडा जवळ आला की "डावीकडे दाबू नका", मोकळं असलं की "जाऊ द्या", आणि टेबलावर पेनाने दोनदा टकटक. त्या घाटात आपण एकदाही पहिले आलो नाही, एकदाही कठड्याला लागलो नाही. तुम्ही जाईपर्यंतची दोन-तीन वर्षं, हातातला रिमोट ठेवून आईसुद्धा अधूनमधून मागच्या सीटवर येऊन बसायची.

हे सगळं मी लिहून काढलं खरं, पण टाकायचं कुठल्या पेटीत? ठेवून देते. एक तेवढं सांगते. शेवटचं वळण संपलं की डावीकडे पार मैदान असायचं, अडवणारं काहीच नव्हतं. तिथेही मी पुष्कळदा म्हणायचे, "जरा थांबा, आप्पा." तुम्ही लगेच थांबायचात. तिथे काही नव्हतं. मला घरी पोचायचं नव्हतं, एवढंच.