गोळीआधीची भाकरी

ता. पाथर्डी, ५ सप्टेंबर १९४३

ती. मालनअक्कास,
गहिनीनाथचा सा. न. वि. वि. तू जिथे नर्स आहेस त्या भिंगारच्या डॉक्टरांनी आमच्या शाळेत फुकट दवाखाना दिला, हे गावाला अजून खरं वाटत नाही. काल शनिवार, सकाळची शाळा. प्रार्थना झाल्यावर हिवतापाच्या एकवीस पोरांना मी स्वतः कोयनेलची पहिली गोळी दिली; आता रोज देणार, यादी सोबत आहे. त्यांत आमची चांगुणा, शाळेतली एकमेव मुलगी. अशी फणफणते की पाटी धरवत नाही. तिची आई साळूबाई लोकांची दळणं दळते. पैसं खरंच न्हाई का लागत, असं तिने तीनदा विचारलं. लहानपणी मला वैदूबुवा म्हणून चिडवायचीस ना, आता येऊन बघ.
तुझा गहिनी

भिंगार, १३ सप्टेंबर

चि. गहिनीस अनेक आशीर्वाद.
वैदूबुवा, यादी पोचली. लढाईमुळे कोयनेल मिळेनासं झालंय. महिन्यात ताप हटला तरच दवाखाना राहील, असं डॉक्टर म्हणतात. एकही गोळी वाया घालवू नकोस. जिवाला जप.
तुझी अक्का

२६ सप्टेंबर

ती. अक्कास सा. न.
ताप हटत नाही. काल शाळेमागे गेलो तेव्हा कळलं. पोरं माझ्यासमोर गोळी गिळतात आणि कुंपणाआड जाऊन ओकतात. चांगुणासुद्धा. यादीतून नाव कटेल म्हणून कुणी बोललं नाही. मी उपाशीपोटी गोळ्या देत होतो, अक्का. मास्तर म्हणवतो आणि एवढं कळू नये?
गहिनी

३० सप्टेंबर

चि. गहिनीस आशीर्वाद.
चूक माझी. गोळी भाकरीवर द्यायची, हे लिहायचंच राहिलं. इथे येतो तो जेवूनच येतो, म्हणून सुचलं नाही. आता रोज दुपारी देत जा.
अक्का

१० ऑक्टोबर

ती. अक्कास सा. न.
दुपारी दिली. पण पावसाअभावी बाजरी जळाल्यापासून दुपारीही चुली पेटत नाहीत. माझ्या डब्यातली भाकरी एकवीस जणांत वाटली, तर घासभरही कुणाला आली नाही. पोरं पुन्हा ओकली.
चांगुणा बुधवारी गेली.
गहिनी

१४ ऑक्टोबर

चि. गहिनीस आशीर्वाद.
डॉक्टरांनी यादी बघून दवाखाना बंद केला. उरलेल्या गोळ्या परत मागितल्यात. मी हातापाया पडले, रडले, पण ते ऐकत नाहीत. पोरी, तुझ्या भावाला सांग, भुकेचं औषध माझ्याकडे नाही, असं म्हणाले.
अक्का

२४ ऑक्टोबर

ती. अक्कास सा. न.
गोळ्यांचा डबा शुक्रवारी मोटारीने पाठवला.
काल सकाळी साळूबाई शाळेत आली. शनिवारच्या दळणावर मिळालेली एक भाकरी तिने पदराखालून काढली. म्हणाली, भाकरीवर गोळी टिकती असं कळलं, माझ्या लेकीला न्हाई मिळाली, पन आता दर शनवारी एक आनीन, कुनाच्या बी लेकराला द्या.
गोळ्या परत गेल्या, हे तिला न सांगताच भाकरी पोरांना वाटून टाकली. दारात उभी राहून ती बघत होती, मी गोळ्या कधी काढतो म्हणून.
पुढच्या शनिवारी ती येईल. तिला काय सांगू, ते तेवढं लिही. माया असू दे.
तुझा गहिनी