गादीवाल्यांचं नाक आणि माझे पैसे

तीर्थरूप भाऊजींना,

धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच, राहिलेला पाठ सुटल्यावर). इकडे सगळे मजेत आहोत. तिकडची खुशाली ताईच्या फोनवरून कळते, पण तुमच्या गुडघ्याची चौकशी केली की ती तुम्ही तिचं कसं ऐकत नाही हे सांगायला लागते आणि गुडघा बाजूलाच राहतो. तेव्हा गुडघ्याबद्दल तुम्ही स्वतःच दोन ओळी लिहाव्यात. ताईने जिना चढायचा नाही म्हटलंय ते मनावर घ्यावं, आणि मी तसं लिहिलंय हे तिला सांगावं.

पत्र लिहायचं कारण असं की, मागच्या खेपेला आमच्याकडे आलात तेव्हा निघताना चपला घालता घालता तुम्ही मला विचारलंत, ‘चित्रं काढून घर चालतं कसं रे तुझं?’ तुम्ही मायेने विचारलंत. तुमचं नळांचं आणि पाइपांचं दुकान, साधी तोटीसुद्धा पैसे गल्ल्यात पडल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जात नाही. मी त्या वेळी ‘चालतं’ एवढंच म्हणालो आणि तुमची पिशवी उचलून पुढे झालो. खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आता आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वेळी घर चालत होतं ते बायकोच्या पगारावर (ती डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते हे तुम्हाला ठाऊक आहेच) आणि माझी कमाई वस्तुरूपाने यायची. लोकांचा एक समज आहे की हाताने चित्र काढणाऱ्याला पैसे पुढे केले तर त्याला वाईट वाटतं. दातांच्या डॉक्टरांनी त्यांच्या आईचं तैलचित्र करून घेतलं आणि बदल्यात माझ्या दोन दाढा मोफत काढल्या. त्यातली एक दुखत नव्हती, पण व्यवहार चुकता व्हायला दोन लागत होत्या. शिंप्याने कोट दिला. त्याची एक बाही जरा लांब आहे, ती त्याने पुढच्या चित्रापोटी आगाऊ धरली असावी. असं करता करता आमच्या घरात सामान वाढत गेलं आणि घरखर्चाच्या डब्यातले पैसे कमी होत गेले. महिनाअखेरीला बायको फक्त तो कोट दाराला टांगून ठेवायची, मला दिसेल असा.

अशात एके दिवशी माझ्या चित्रांच्या खोलीचा जिना चढून थोरले गादीवाले आले. बाजाराच्या रस्त्याला गाद्या-उशांची दोन दुकानं समोरासमोर आहेत, त्यातलं मोठं यांचं, आणि समोरचं यांच्या धाकट्या भावाचं. वडील गेल्यावर धंद्याची वाटणी झाली, त्यात काहीतरी खटकलं आणि तेव्हापासून दोघांचा अबोला. दोघंही दिवसभर आपापल्या गल्ल्यावर बसून रस्त्याकडे बघतात, म्हणजे एकमेकांकडेच बघतात, पण बघत नाही असं दाखवतात. तर थोरल्यांना दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर स्वतःचं मोठं तैलचित्र लावायचं होतं. रस्त्यापलीकडून दिसेल एवढं मोठं. पैशांचं विचारावं म्हणून मी घसा साफ केला, तेवढ्यात तेच म्हणाले, ‘पैशांची काळजी करू नका.’ भाऊजी, हे वाक्य ऐकलं की माणसाने त्याच क्षणी काळजी करायला लागावं, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र मी खुशीत कापड ताणायला घेतलं. कापड माझं, रंग माझे, चौकट सुताराकडून उधारीवर.

चित्र, स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण उतरलं झकास. गादीवाल्यांचा चेहरा भरलेला, नाक चांगलं ऐसपैस, हनुवटीखाली आणखी एक हनुवटी, आणि डोळ्यांत सगळं बघून घेतल्याचा एक शांतपणा. (बैठकीच्या वेळी ते बसल्या बसल्या डुलकी काढायचे. डोळे मी त्यांच्या चहाच्या वेळेत उरकले.) त्यांनी चित्रासमोर उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, ‘छान आहे. फक्त नाक जरा कमी करा, की मिटवून टाकू.’ मला वाटलं पैसे मिटवून टाकू म्हणतायत. मी नाक कमी केलं. मग त्यांना वाटलं की नाक लहान झाल्यामुळे गाल मोठे दिसतात. गाल आवरले तर दुसरी हनुवटी नजरेत यायला लागली. ती काढल्यावर मान उघडी पडली, आणि अशा मानेवर एवढं टक्कल शोभत नाही असं त्यांचं मत पडलं. केस घातले. केस आल्यावर ते पांढरे कशाला, असा रास्त प्रश्न आला. दर वेळी ‘एवढं झालं की लगेच’ हे ठरलेलं. त्या ‘लगेच’चा रंग मी किती वेळा वाळताना पाहिला ते विचारू नका.

मध्ये मी वसुलीला जाऊन पाहिलं. तुम्ही हसाल, पण गादीच्या दुकानात वसुलीला जाणं अवघड असतं. उभं राहून पैसे मागता येतात. बसून मागताना आवाज निम्मा होतो. गादीवाल्यांनी मला नव्या गादीवर आडवं व्हायला सांगितलं, दमलेले दिसता म्हणाले, आणि आडवा झालेला माणूस कुणाकडे काय मागणार? मी झोपलो. जागा झालो तेव्हा अंगावर चादर होती आणि ते जेवायला गेले होते. दुसऱ्या वेळी मी निश्चय करून गेलो की बसायचं नाही. बसलो नाही. पण घरी आलो तेव्हा हातात उशी होती. ती मी विकत घेतली होती, रोखीने. बायकोने उशी दाबून पाहिली, चांगली आहे म्हणाली, आणि रात्री डोक्याखाली घेऊन माझ्याकडे पाठ करून झोपली. तिच्या त्या पाठीचं मला खरंच वाईट वाटलं, भाऊजी. खोलीचं भाडं थकलं होतं, सुतार जिन्याखाली दिसला की मी वरच थांबायचो, आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं की कुठेतरी नोकरी धरावी. एका छापखान्यात विचारूनही आलो होतो. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

शेवटी गादीवाल्यांनी निरोप धाडला की चित्र दुकानात आणा, भिंतीवर कसं दिसतं बघू, मग हिशोब करू. मी हातगाडी ठरवली. बायकोला त्या दिवशी अर्धी सुट्टी होती, ती बरोबर यायला निघाली. (मी उशीचा दुसरा नग घेऊन परत येऊ नये म्हणून, असं ती म्हणते.) चित्रावर कापड घालण्याआधी तिने ते पाहिलं. बऱ्याच दिवसांत तिने ते पाहिलंच नव्हतं. ती चष्मा पुसून पुन्हा बघायला लागली.

‘अहो, हे कोण?’

‘कोण म्हणजे? थोरले गादीवाले.’

‘हे धाकटे आहेत. परवाच नंबर तपासायला आले होते. मी त्यांच्या नाकावर चष्मा बसवून बघितलाय.’

मी मागे सरून पाहिलं. भावांचा चेहरा मुळात एकच. नाक, गाल, हनुवटी आणि वय कमी करत करत मी थोरल्यांमधून बरोबर धाकटे काढून ठेवले होते. ज्या माणसाशी बोलायचं नाही, त्याचंच हे भलंमोठं तैलचित्र मी यांच्या गल्ल्यामागे टांगायला निघालो होतो. मी म्हणालो, परत वर नेऊ. बायको म्हणाली, पैसे कोण देणार? आणि तिने गाडीवाल्याला चला म्हणून सांगितलं.

दुकानासमोर गाडी थांबली. थोरले बाहेर आले आणि त्यांनी हौसेने स्वतःच कापड ओढलं. ते बघत राहिले. नेमकं काय चुकतंय ते त्यांना समजेना, कारण चेहरा त्यांच्याच मागणीबरहुकूम होता, पण काहीतरी खुपत होतं. तोवर समोरच्या दुकानातून धाकटे गल्ला सोडून उठले आणि रस्ता ओलांडून आले. चित्राच्या अगदी जवळ गेले.

‘दादा, माझं चित्र काढून घेतलंस तू?’ धाकटे म्हणाले.

थोरल्यांनी चित्राकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आभाळाकडे पाहत होतो. त्या माणसाला खरं सांगायला एक शब्द पुरला असता. पण समोर भाऊ डोळे पुसत होता, इतक्या वर्षांनी ‘दादा’ म्हणाला होता, आणि भर रस्त्यात त्याला ‘नाही’ म्हणण्याइतके ते कठोर नव्हते.

‘हो,’ ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, ‘किती दिवस चाललंय. नाकच जमत नव्हतं तुझं.’

मग दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायचे की नाही अशा घोटाळ्यात पडले आणि शेवटी दोघांनी मिळून चित्राची चौकट धरली. धाकटे म्हणाले, हे मी माझ्या दुकानात लावतो, तुला इथून दिसेल. आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून अगदी साधेपणाने विचारलं, ‘यांचे पैसे दिलेस ना, दादा?’ मी तोंड उघडलं, कारण माझ्या तोंडून ‘असू द्या हो’ बाहेर पडत होतं. बायकोने माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाली, ‘आज द्यायचंच ठरलंय.’ थोरले आत गेले आणि सगळी रक्कम घेऊन आले. भावासमोर त्यांना घासाघीस करता आली नाही. बायकोने रस्त्यातच मोजून घेतली. त्यातून पहिल्यांदा सुताराचे दिले, मग भाड्याचे, आणि तरीही डब्याचं झाकण नीट बसेना.

गोष्ट इथे संपली असती, पण धाकट्यांनी त्याच आठवड्यात परतफेड म्हणून थोरल्यांचं चित्र सांगितलं. ते जिना चढून आले तेव्हा खोलीत या वेळी बायकोही होती. तिने जे सांगितलं तेच आता आमचं शास्त्र आहे: एक तृतीयांश आधी, त्याशिवाय कापड ताणलं जाणार नाही. एक तृतीयांश कोळशाचं रेखाटन पसंत पडल्यावर, आणि काय वाढवायचं-घटवायचं ते तेव्हाच. रंग लागल्यावर बदल हवा असेल तर त्याचे पैसे वेगळे. उरलेले पैसे मिळाल्यावर चित्र जिना उतरेल. मला वाटलं माणूस पाय लावून पळणार. त्यांनी खिशात हात घातला आणि म्हणाले, ‘बरं झालं स्पष्ट बोललात. तुम्हाला पैसे द्यायचे कसे आणि कधी, हेच आम्हाला कधी कळत नाही.’ मी इतकी वर्षं समजत होतो की लोक पैसे बुडवतात. काही बुडवतातही. पण पुष्कळजण नुसते माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

थोरले रेखाटन बघायला आले. मी म्हणालो, आत्ता नाक कमी करायचं तर फुकट आहे, नंतर पैसे पडतील. त्यांनी कागद हातात धरला. मग म्हणाले, ‘राहू द्या. वडिलांचं आहे.’ ते चित्र आता त्यांच्या गल्ल्यामागे आहे, दुहेरी हनुवटीसकट. दोघा भावांत सगळं गोड झालं असं नाही. उशीच्या भावावरून रस्त्यापलीकडे आवाज चढतात. पण चढतात म्हणजे बोलणं चालू आहे.

तेव्हापासून माझे पैसे वेळेवर येतात. खोलीचा मालक पहिल्या तारखेला भाडं पाहून आधी घाबरला होता, मी खोली सोडतोय असं वाटून. छापखान्याला मी ‘येत नाही’ असं कळवलं. बायकोने कोट कपाटात ठेवला आहे. आता तुम्ही कधीही विचारा, घर कसं चालतं ते. मी पिशवी उचलून पुढे पळणार नाही.

ताईला नमस्कार. गुडघ्याला जपा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी उशिरा का होईना दिलं, एवढं मनात धरून आनंदात असा.

तुमचा मेहुणा

ता. क. : आता पत्राचं खरं कारण. ताईने मला तुमचं तैलचित्र करायला सांगितलं आहे, तुमच्या साठाव्या वाढदिवसाला अचानक द्यायला. तुम्हाला हे अजिबात कळू द्यायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे, तरी ही ओळ वाचली नाही असं समजावं. अडचण अशी की ती फोनवर ‘पैसे किती पाठवू’ म्हणाली आणि मी म्हणालो, ‘तुझ्याकडून कसले पैसे, ताई!’ हे बायकोने ऐकलं. ताणलेली सगळी कापडं तिने आतल्या कपाटात घातली आहेत आणि पहिल्या तृतीयांशाशिवाय किल्ली मिळणार नाही. तरी ती रक्कम तुम्ही ताईच्या नावाने, ताईच्या नकळत, आणि शक्यतो तुमच्याही नकळत धाडावी.

आणखी ता. क. : पैसे बायकोच्या नावे पाठवा. माझ्या नावे आले तर मी संकोचाने परत पाठवीन.