राउंडवरचं येस सर

बाई, आज कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही. घरात तोंड उघडलं की म्हणतात, "झालं का तुझं दवाखाना-पुराण सुरू?" म्हणून तुम्हालाच लिहून राहिले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी ऐकून घ्यावंच लागेल.

लातूरच्या नर्सिंग शाळेत तुम्ही शिकवायच्या तेव्हा मी पेपरात इंग्रजीची पानंच्या पानं घोकून उतरवायची, पण राउंडला डॉक्टर भराभर बोलायला लागले की डोक्याचा नुसता भुगा. मग आम्हा सगळ्या पोरींचं एकच उत्तर, "येस सर." त्या दिवशी ऑपरेशनच्या पेशंटला काही खायला-प्यायला देऊ नका असं सर सांगून गेले. मी मान डोलावली, आणि किल्लारीच्या त्या मामांना भूक लागली म्हणून माझ्या हातानं चहा-बिस्किट दिलं. ऑपरेशन पुढं ढकललं. तुम्ही मला वॉर्डाच्या मधोमध उभं केलं. "इंग्रजी येत न्हाई, हाव, मान्य. शिकशील. पण समजलं न्हाई हे सांगायला काय धाड भरली?" मी रडले, तुम्ही थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून प्रार्थना संपली की तीस पोरी एका सुरात ओरडायच्या, "नो सर, आय डिड नॉट अंडरस्टँड, प्लीज रिपीट!" पेशंटचे नातेवाईक खिडकीतून बघून हसायचे. लई लाज वाटायची, बाई.

आता नांदेडच्या दवाखान्यात मी इन्चार्ज आहे, आणि सकाळी ड्यूटी बदलताना माझ्या पोरींकडून तेच ओरडून घेते. आज नवे सर राउंडला आले. परराज्यातले, मराठीचा गंध नाही, आणि इंग्रजी म्हणजे उदगीरला न थांबणारी गाडी. पाच नंबरच्या आजींपाशी काहीतरी सांगितलं आणि "ओके?" म्हणून पुढं निघाले. ऑर्डर आपणच फाइलवर लिहायची, ते नंतर सही करणार. सगळ्यांचं "येस सर" झालं. आणि भोकरची ती नवी पोरगी, लागून महिना नाही झाला, हात वर करून म्हणते, "नो सर. प्लीज रिपीट. स्लो."

अगं बाई! सर वळले, कपाळाला ही आठ्यांची जाळी. मला वाटलं, गेली आता पोरगी कामावरून. पण ते परत आले, एकेक शब्द तोडून बोलले. आजींचं उद्या ऑपरेशन, उपाशी ठेवायचं आणि सकाळचं इन्सुलिन निम्मंच द्यायचं. निम्मं, बाई! फाइलवर रोजचा पूर्ण डोस होता. उपाशीपोटी तो गेला असता तर साखर कुठं उतरली असती, तुम्हाला काय सांगू? पोरीनं लिहून घेतलं, अडखळत वाचून दाखवलं. सर म्हणाले, "गुड." राउंड संपल्यावर मी तिला मिठीच मारली. ती हसून म्हणते, "मॅडम, रोज वरडून घेता, मंग निघालं तोंडातून." मला तर वॉर्डातच नाचावंसं वाटून राहिलं होतं.

दिवसभर जो तो येऊन म्हणतोय, "मॅडम, शिकवण तुमचीच." मी हसून घेतलं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून लिहिते. आजींपाशी मी सरांच्या अगदी शेजारी उभी होते. मलाही काही कळलं नव्हतं. आणि सगळ्यांच्या आधी "येस सर" मीच म्हणाले होते.