नडगीवर एक बोट

३ नोव्हेंबर

पळणाऱ्यांनो, आपल्या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे — दुखतंय म्हणायची आपल्याला चोरी!

हे वाक्य जमलं. क्लबच्या सभेत भाषण मलाच करायचं आहे, सुरुवात हीच. पाय उशीवर, वर गुडघ्यापर्यंत प्लास्टरऐवजी दिलेला बूट, चिलखत चढवल्यासारखा. नडगीच्या हाडाला चीर गेली आहे. पडले नाही, धडकले नाही. नुसतं पळून पळून!

५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंना आज प्रश्नांनी भंडावून सोडलं. पण त्याही माझ्याच जातकुळीतल्या, एकदा सुरू झाल्या की थांबत नाहीत. हाड म्हणजे दगड नव्हे म्हणाल्या, ते जिवंत असतं. पळताना झिजतं, विश्रांतीत भरून निघतं. डागडुजी व्हायच्या आत रोज नवा मारा केला की चीर पडते. मी काय केलं? संघाची निवड जवळ आली म्हणून एकदम अंतर दुप्पट. मातीचं मैदान सोडून सिमेंटचा रस्ता. वजन उतरावं म्हणून रात्रीचं जेवण बंद. पाळी येईनाशी झाली, तर मी म्हटलं, कटकट गेली!

"पोटालाच नाही ते हाडाला कुठून मिळणार?" — हे त्यांचं वाक्य भाषणात घेणार.

आणि हेही. स्नायू दुखला तर माणूस सगळी नडगी चोळतो. हाड चिरलं असेल तर एका बोटाने जागा दाखवतो. माझ्या साध्या एक्स-रेत काहीच दिसलं नव्हतं. बोटाने आधी सांगितलं, एमआरआयने नंतर.

कवायत करकरून रंगरुटांचे पाय असेच चिरायचे, असं मागे वाचलं होतं. शत्रू दिसायच्या आधीच लढाई हरलेले!

९ नोव्हेंबर

मजेत आहे. लिहायलाही लाज वाटावी इतकी. तेवढ्यापुरता बूट काढून तलावात हातांनीच पोहते, दुपारी पुस्तकं, ताटात आई वाढेल ते. बाबा म्हणतात, पाय बांधला तर हिचं तोंड दुप्पट चालायला लागलं. हाड भरतं आहे. आधी बूट कायमचा सुटेल, मग चालणं, मग मातीवर थोडं पळणं थोडं चालणं. घाई नाही.

संघातली माझी जागा धाकट्या बहिणीला मिळाली. ऊर भरून आला. पण तीही आता सिमेंटवर पळते, माझंच अंतर. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "ताई, सभेत बोल. घरात सुट्टी दे."

१२ नोव्हेंबर

बर्फाचा ट्रे पुन्हा रिकामा. धाकटी जिना आडवी उतरते, कठडा धरून. नवे बूट चावतात म्हणाली.

वेळेत कळलं तर बरं व्हायला काही आठवडे जातात. तसंच पळत राहिलं तर हाड आरपार तुटतं. शर्यत महिनाअखेरीला आहे.

१५ नोव्हेंबर

भाषण झालं. फजितीही झाली!

आमच्या क्लबची रीत आहे. सरावाआधी सर विचारतात, कोणाचं दुखतंय? सगळे एका सुरात ओरडतात, कोणाचंच नाही! मग पळायला सुरुवात. वर्षानुवर्षं.

आज मी पेटले होते. टाळ्यांवर टाळ्या. शेवटी टेबलावर हात आपटून विचारलं, "आता खरं सांगा, कोणाचं दुखतंय?"

"कोणाचंच नाही!" अख्खं सभागृह! सवयीने. मग हशा. सर मला तोफ म्हणतात. म्हणाले, तोफ आज उलटी उडाली. मीही पोट धरून हसले.

घरी येईपर्यंत हसू ओसरलं. सगळ्यात मोठ्याने धाकटी ओरडली होती.

१६ नोव्हेंबर

प्रश्न विचारला की ठरलेलं उत्तर येणारच. प्रश्नच नको.

१७ नोव्हेंबर

सरांना घरी जाऊन गाठलं. आवाज चढवला नाही, बोटाची गोष्ट तेवढी सांगितली. धाकटीचं नाव घेतलं नाही. त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग म्हणाले, उद्या आरोळी नाही. आरोळीच्या वेळी तू बोल. आणि थोडक्यात बोल, तोफ.

जमेल मला?

१८ नोव्हेंबर

जमलं. सगळ्यांना मातीत बसवलं आणि मी एवढंच म्हणाले — "मोजे उतरवा. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत नडगीवर एक बोट दाबत न्या. दुखेल तिथे थांबा. तोंडाने काही सांगू नका."

सगळ्यांची बोटं घोट्याला पोचली. धाकटीचं मध्येच थांबलं. तिने ते उचललं नाही. मी बूट पसरून तिच्या शेजारी मातीत बसले.