नीलूचा टाक

११ फेब्रुवारी १९७४, पिंपरी

पोचले एकदाची. माझा जन्म नैरोबीचा, शाळा तिथली, लग्नही तिथलंच, त्यामुळे मला हा परदेशच. पण या परदेशात रिक्षावालासुद्धा माझ्या आईची भाषा बोलतो, याची फार मौज वाटते. त्याने विचारलं, कुठल्या गावच्या? आफ्रिकेची म्हटल्यावर मान वळवून मला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, चेष्टा करताय व्हय ताई गरिबाची.

संत तुकाराम नगरातली ही मागची खोली लहान आहे पण उजेडाची आहे. घरमालकीण यशोदाबाई मूळच्या बीडकडच्या. मुलगा कंपनीत शिफ्टला जातो, सून बाळंतपणाला माहेरी, म्हणून सहा महिन्यांसाठी खोली मला. घरात घड्याळ आहे, पण त्याला कुणी विचारत नाही. दुपारी कंपनीचा भोंगा झाला की पानं मांडायची.

कशासाठी आले तेही लिहून ठेवते, म्हणजे घरची आठवण अनावर झाली तर वाचता येईल. तांब्याच्या पत्र्यावर उठावाची चित्रं करणारी बाई मी, पण दोन वर्षांत एकही काम धड झालेलं नाही. पत्रा समोर घेते आणि हात गप्प बसतात. शेवटी सुरेंद्रच म्हणाला, जिथे हे काम पिढ्यान् पिढ्या चालतं तिथे जाऊन बस, पुन्हा शिक. असा नवरा मिळायला भाग्य लागतं. नीलू सात वर्षांची आहे. विमानतळावर ती रडली नाही, मीच रडले. तिने मला स्वतःचा रुमाल दिला.

२० फेब्रुवारी

गुरू सापडले. मोशीवरून बसने आळंदीला जायचं, घाटाकडे उतरताना डाव्या हाताला ज्योतीरामांचं दुकान. ते टाक घडवतात. टाक म्हणजे तळहाताएवढा चांदीचा किंवा पितळेचा पत्रा, त्यावर उठावात देव. इथे म्हणे घरोघरी देव्हाऱ्यात असतात. आमच्या घरी मात्र काचेच्या फ्रेममधला गणपती आणि त्याच्यामागे लपवलेली नीलूची चॉकलेटं.

काम सुरेख आहे. तापवलेल्या राळेवर पातळ पत्रा बसवायचा, मागच्या बाजूने छिन्नीने ठोकत ठोकत उठाव द्यायचा, मग उलटून पुढून रेखायचं. ज्योतीराम हातापेक्षा तोंडाने जास्त काम करतात. सगळे चेहरे मात्र एकाच साच्यातले, दोन ठिपक्यांचे डोळे आणि एक रेघ नाकाची. मी म्हटलं, तुमचा खंडोबा आणि तुमची भवानी जुळी भावंडं दिसतात. ते हसले. तोंड वळखू यायला नगं बाई, आमच्यात अशीच रीत हाय, म्हणाले. का, ते विचारलं तर स्वर्गवासी आजोबांवर ढकलून मोकळे झाले.

६ मार्च

आज हात सुटले. दोन वर्षांनी.

सकाळी दुकानात बसले आणि काय करायचं हे न ठरवताच छिन्नी चालायला लागली. संध्याकाळपर्यंत पत्र्यावर नीलू. ठिपक्यांचे डोळे नाहीत, तिचेच डोळे, किंचित तिरळे. कपाळावर बटा, पुढचा एक दात पडलेला. रीत मोडली हे कळत होतं, पण हात थांबेनात. ठोकता ठोकता मी रडत होते. इतकी तिची आठवण मला महिन्याभरात आली नव्हती, किंवा येऊ दिली नव्हती.

ज्योतीरामांनी विचारलं, कुनाचं रूप हे? म्हटलं, माझ्या लेकीचं, नीलिमाचं. एकुलती एक? हो म्हटलं, आणि पुढे बोलवेना. त्यांनी मग घरातून दूधभात आणवला, टाकाला हळदकुंकू लावलं, पाणी फिरवलं आणि हात जोडून तिला नावाने हाक मारली. नीलिमाबाई, घराकडं या, तुमची माय वाट बघतीया. मलाही तसंच म्हणायला लावलं. मी म्हटलं. शिष्याचं पहिलं चांगलं काम झालं की इथे असं काही करत असावेत.

निघताना त्यांनी बजावलं, रोज दुपारी जेवायच्या आधी पहिला घास हिच्यापुढं ठेवायचा आन् नाव घ्यायचं. त्यांचे डोळे ओले होते. परक्या देशात कुणी आपल्यासाठी इतकं हळवं व्हावं, याने मला भरून आलं.

१५ मार्च

काम झपाट्याने चाललं आहे. तांब्याचा मोठा पत्रा घेतलाय. भोंगा होतो, मी कोनाड्यातल्या टाकापुढे घास ठेवते आणि म्हणते, नीलू, ये जेवायला. दिवसातलं सगळ्यात गोड काम हेच.

घास संपलेला असतो. यशोदाबाईंच्या मते मांजर. मांजर असेल तर ते वांगं तेवढं बाजूला काढून ठेवतं. नीलूसारखंच.

१९ मार्च

आज ती आली.

हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. भोंगा झाला, मी हाक मारली, आणि लख्ख उन्हात दारात नीलू उभी. शाळेचा गणवेश, एक मोजा खाली घसरलेला. आई, आज सांजा नाही का, म्हणाली. मी सांजा केला. साजूक तूप घालून. ती माझ्या मांडीला टेकून बसली आणि मी तिची वेणी सोडून पुन्हा घातली. केसांना त्याच आपल्या तेलाचा वास. अंग ऊन होतं. मी घाबरले नाही, हे इथे नोंदवते. स्वप्न असेल तर असो, असं वाटलं आणि तिच्या कपाळाचा मुका घेतला.

पाण्याचा तांब्या भरायला उठले, वळले, तर नव्हती. ताटलीत वांगं होतं.

२४ मार्च

रोज येते. आज पोस्टातून ट्रंककॉल लावला. तासन् तास बसल्यावर सुरेंद्रचा आवाज आला. सगळं ठीक आहे, म्हणाला, फक्त नीलू हल्ली वर्गात झोपते. सकाळीच. बाकावर डोकं ठेवते आणि हलवली तरी उठत नाही. मग आपणच जागी होते आणि सांगते, आईकडे जाऊन आले, आईने सांजा केला होता. तो हसत होता. पोरीला तुझा ध्यास लागलाय, म्हणाला.

मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? त्यांची सकाळ ती आमची दुपार, एवढा हिशेब मला पोस्टाच्या पायरीवर उभ्याउभ्या जमला. आता घास ठेवायचा नाही, असं ठरवून घरी आले.

२५ मार्च

ठेवला. मला राहवलं नाही. आई आहे मी तिची.

२ एप्रिल

यशोदाबाई खोली झाडायला आल्या आणि टाक त्यांच्या नजरेला पडला. हातात घेऊन पाहिला, पदर डोक्यावर घेतला आणि मला मिठी मारून रडायलाच लागल्या. कधी गेलं गं माय लेकरू, सांगितलं न्हाईस ते, म्हणाल्या.

मी म्हटलं, कुठे गेलं? नैरोबीला आहे, शाळेत जाते.

त्यांनी टाक असा खाली ठेवला की जणू हात पोळला. मग हळूहळू सांगितलं. टाक देवाचा असतो. आणि माणसाचा असतो तो फक्त मेलेल्या माणसाचा. गेलेला जीव वणवण फिरू नये, घरी यावा, देव्हाऱ्यात राहावा म्हणून घडवतात, नावाने बोलावतात, रोज घास देतात. जित्या माणसाचा टाक त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केला नाही.

पहिल्या बसने आळंदीला गेले. ज्योतीराम ऐकता ऐकता दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना वाटलं होतं, बाई रडती, पोटचं लेकरू गेलेलं दिसतंय, विचारून दुःख कशाला उकरा. दया आली म्हणून त्यांनी केलं सगळं. आणि टाकाची ही रीत आपल्यातल्या कुणाला माहीत नसेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्यावर रागावताही येईना. आता काय करू विचारलं, तर म्हणाले, आजोबांनी ह्याचं काय सांगितलं न्हाई. झिजलेले टाक नदीत सोडत्यात, तसं सोडून बघा.

३ एप्रिल

इंद्रायणीत सोडला. घाटावर खूप वेळ उभी होते. पत्र्यावरचा तिचा चेहरा पाण्याखाली एकदा चमकला आणि गेला.

घास ठेवला नाही. हाक मारली नाही. भोंगा झाला, आणि ती दारात. केसांतून पाणी निथळत होतं. ओठ निळे. आई, तू मला पाण्यात का टाकलंस?

पदराने पुसली तिला. काय करणार होते?

४ एप्रिल

ट्रंककॉल. काल वर्गात झोपेत तिला ठसका लागला आणि तोंडातून पाणी आलं. बाईंना वाटलं, पाण्याची बाटली सांडली. ताप नाही, काही नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. सुरेंद्र आता हसत नाही. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, पद्मजा, तू घरी ये.

मुंबईला धावले. विमानाचं तिकीट मिळालं ते बारा तारखेचं, शुक्रवारचं. त्याआधी जागाच नाही.

७ एप्रिल

मुंबईतल्या खोलीतही ती आली. तिला पत्ता लागणार नाही असं ठिकाणच नाही. परत पिंपरीला आले, निदान यशोदाबाई तरी आहेत.

नीलू हॉस्पिटलात. आता दिवसचे दिवस झोपून. सासूबाई देव पाण्यात घालून बसल्या आहेत. तिथे तिचे हात गार पडत चाललेत, म्हणतो सुरेंद्र. इथे ते दिवसेंदिवस जास्त ऊन लागतात.

आज संध्याकाळपर्यंत राहिली. तिचा नवा दात यायला लागलाय. मी बोटाने चाचपून पाहिला. इथे येतोय.

९ एप्रिल

यशोदाबाई म्हणाल्या, टाक गेला तरी तू हायेस की. लेकरू तू बोलवायलीस म्हणून यायलंय. तोंडानं न्हाई, जिवानं बोलवायलीस. तिला दारातच सांग. आत घेऊ नको. जेवू घालू नको. ‘जा’ म्हण.

जा.

आपल्यात निघालेल्याला कुणी ‘जा’ म्हणत नाही. ‘ये’ म्हणतो. आईने तेवढं मला आफ्रिकेतही शिकवलं होतं. जा म्हणायचं ते तिरडीवरच्याला. यशोदाबाईंनाही ठाऊक आहे. म्हणाल्या, म्हणूनच ते ऐकतं. वर्मी घाव बसतो त्याचा. रागाने म्हणायचं. आई नकोशी झाली, असं त्या जिवाला वाटलं पाहिजे. मग तो परत आपल्या अंगात जाईल आणि पुन्हा या वाटेने येणार नाही.

पुन्हा येणार नाही. बारा तारखेला घरी जाऊन मी दार उघडीन तेव्हा ती माझ्याकडे — ज्या आईने हाकललं तिच्याकडे — कशी पाहील?

पाहू दे. पाहायला जिवंत तर असेल.

१० एप्रिल

जमलं नाही.

तोंड उघडलं, आणि ती म्हणाली, आई, मी आज सगळं वांगं खाईन.

११ एप्रिल, सकाळ

सुरेंद्रचा फोन. शेजारच्या दुकानात आला, धावत गेले. श्वास इतका मंद की आरसा धरून पाहतात. डॉक्टर म्हणाले, आज पुन्हा तशी झोप लागली तर — पुरुषाला असं रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

आज. काहीही झालं तरी आज.

दाराला आतून कडी. यशोदाबाईंना देवळात पाठवलं. ओरडले तर त्यांनी ऐकू नये. सराव केला. भिंतीकडे तोंड करून. जा. जा इथून. तू मला नकोस. नकोस तू मला. आवाज फुटतो, पण येतो.

भोंगा झाला.

दार वाजतंय. दोन बोटांनी, ती वाजवते तसं.

लिहीत बसते. लिहीत राहिले तर उठणार नाही. नीलू, जा. नीलू, तू — नाव नाही घ्यायचं. नाव नाही —

म्हणते, आई, कडी का लावलीस?

जा. म्हटलं मी. म्हटलं. मोठ्याने म्हटलं —

गप्प झाली.

गेली का? देवा, गेली असू दे. तिकडे डोळे उघडले असू देत. बापाला हाक मार, बाळा, पाणी माग —

रडतेय. दाराशीच आहे. हळू रडते, कुणाला ऐकू जाऊ नये असं. अशी ती कधीच — म्हणते, आई, फरशी तापलीय. चपला नाहीत पायात. आई, पाय भाजतात.

जा. जा. जा —

एक पाय उचलून उभी आहे. फटीतून दिसते. आता दुसरा.

मी उठणार नाही. शुक्रवार उद्याच आहे. उद्या मी तिला —

भाजतंय गं आई

नुसती चप्पल देते. फटीतून चप्पल सरकवते आणि कडी पुन्हा — आत घेणार नाही, शपथ — नुसती चप्पल —

थांब राजा, रडू नको, आले, ये, ये आत, ये